खरवडलेली जागा

टाइन नदीकडे पाठ करून बसायचो आम्ही अकराजणी,
उत्तरेच्या काचांखाली. तिकडचा उजेड थंड असतो, पण खरा.
पुरुष पेन्सिलीनं आखत, आम्ही शाईनं गिरवत
खळ दिलेल्या निळसर लिननवर.
आधी खडूची पूड चोळायची,
नाहीतर शाई धरत नाही, पाऱ्यासारखी पळते.

जहाजाला नाव नव्हतं, नुसता क्रमांक.
क्रूझर म्हणून कणा पडला होता तिचा,
मग लंडनमध्ये कुणीतरी म्हणालं, हिच्या पाठीवर विमानं उतरवू.
ऑर्डसाहेबांनी चष्मा पुसला.
“थर्झा, पुढची तोफ खरवड.”

ब्लेडनं शाई काढायची ती
दुधावरची साय काढावी तशी, कापड न दुखवता.
अठरा इंची तोंड होतं तोफेचं;
त्या वर्तुळांना मला तीन दिवस लागले होते.
अर्ध्या तासात गेली.
तिथं आली एक लांब, रिकामी पट्टी.
इतकं रिकामं मी कधी आखलं नव्हतं,
हात उगाच काहीतरी शोधत राहिला.

गुरुवारी एक वैमानिक आला, पास्को.
डाव्या हाताची दोन बोटं भाजून एकमेकांना चिकटलेली.
माझ्या आराखड्यावर त्यानं काडेपेटी उभी केली:
“हा तुमचा ब्रिज, हे धुराडं, ऐन मध्यावर.”
नाळेच्या बाजूनं सिगारेटचा धूर सोडला, हळूच.
धूर पेटीशी दुभंगला,
मागे जाऊन गिरक्या घेत खाली बसला.
“आणि इथं,” तो म्हणाला, “आम्ही उतरायचं.”
कुणी बोललं नाही.
मी फुंकरीनं राख उडवली. शाई ओली होती.

मग ब्रिज खरवडला. धुराडं खरवडलं.
धूर आडव्या नळांतून शेपटाकडे नेला,
तर इंजिनवाले ओरडले, मागच्या खोल्यांची भट्टी होईल.
मग ब्रिज परत आला, उजव्या कडेला,
अंग चोरून.
उजव्याच का? पास्को म्हणाला,
घाबरलेला वैमानिक डावीकडे वळतो.
तेव्हापासून मी रस्त्यात माणसं बघते.

तोफा मात्र काही केल्या जाईनात.
धुक्यातून शत्रूची क्रूझर निघाली तर?
रात्री विनाशिका आल्या तर?
म्हणून आठ इंची, चार जोड्या, डेकच्या कडेला.
“एक बार उडाला की विमानं कागदासारखी चुरगळतील.”
“मग आधी खाली न्या.”
“वीस मिनिटं लागतात.”
“...”
साडेपाच इंची दहा, कुशीत, पाण्याच्या इतक्या जवळ
की वादळात नळीत मासे भरावेत.
पेट्रोलची टाकी दारूगोळ्याच्या भिंतीला भिंत लावून.
एक ना धड म्हणावं,
तर भाराभर चिंध्या माझ्याच मांडीवर.

आभाळाकडे तोंड केलेल्या तोफा
मी मोजल्या: चार. लहान.
विचारलं नाही.
गिरवणाऱ्या बायकांनी विचारायचं नसतं.

रद्द झालेले आराखडे घरी न्यायला मिळत.
सोडा घालून उकळायचे. खळ जाते, शाई जाते,
उरतं ते रुमालाहून मऊ.
माझ्या बहिणीच्या विल्फ्रेडचं
बाप्तिस्म्याचं झबलं मी त्यातलंच शिवलं,
गळ्याला बारीक चुण्या घालून.
चर्चमध्ये पाणी जरा जास्तच सांडलं,
पोर रडायला लागलं,
आणि ओल्या कापडात, छातीपाशी,
एक गोल पारदर्शक झाला.

“इथं विरलंय का गं?” बहिणीनं विचारलं.
मी म्हटलं, “हो.
वाळलं की दिसणार नाही.”